पुरुष मनमोकळे मंडळ, वडघोळ

काशिराम भोईर पनवेलच्या एस्टी स्टँडवरून निवृत्त झाला, तेव्हा डेपोने त्याला शाल दिली, नारळ दिला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ पहिल्या दिवसापासून मागे चालायचं. काशिरामला त्यात काही वावगं वाटलं नाही. उभा जन्म वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला उशिराची सवय असते. सवय नव्हती ती गप्प बसायची. इतकी वर्षं कर्ण्यातून त्याचं एक वाक्य बाहेर पडलं की शंभर माणसं पिशव्या उचलून फलाट बदलायची. आता घरात तो दोनदा 'चहा' म्हणाला तरी कोणी जागचं हलत नव्हतं.

गाव वडघोळ, पनवेल आणि तळोज्याच्या मधे. पूर्वी भातशेती होती, खाडीकडे मिठागरं होती. मग जमिनी गेल्या, मोबदला आला, घरांना संगमरवर लागला, दारात गाड्या उभ्या राहिल्या. बायांचं काम होतं तसंच राहिलं, कारण भाकऱ्या भाजायला सातबारा लागत नाही. पुरुषांचं मात्र कामच गेलं. ते नाक्यावर बसून जमिनीचे भाव, बैलांच्या शर्यती आणि निवडणुका यांवर बोलत. एवढं बोलत की त्यात काही सांगायचं राहून जातंय, हे कोणाच्या लक्षात येत नसे. गावातल्या ठमाबाईचा नवरा नव्या बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसला, तो बसलाच. आधी बोलणं संपलं, मग जेवण, आणि एक दिवस माणूसच संपला. पुरुषमंडळींनी स्मशानात उभ्या उभ्या 'बीपी' असा निकाल दिला. दुसरी काही शंका काढायची तर बोलावं लागलं असतं.

काशिरामची बायको कृष्णाबाई महिला बचत गट चालवायची. दर गुरुवारी तिच्या पडवीत बाया जमत. निवृत्तीनंतर काशिराम आतल्या खोलीत पेपर उघडा धरून त्यांचं सगळं ऐकू लागला. एखादी रडे, दुसरी तिला हसवे, तिसरी दोघींना शिव्या घाले, आणि जाताना सगळ्यांचे चेहरे धुतल्यासारखे दिसत. पेपर मात्र बराच वेळ एकाच पानावर राही.

"ऐकतो ते ऐकतो, पान तरी परत," कृष्णाबाई एकदा म्हणाली.

"मी कशाला ऐकू? तुमचं तेच तेच चालू आसतं."

"तेच तेच आसतं, म्हनून आमी जित्त्या हाव. आमी आठवड्याला एकदा रडतो. तुमी बाप्ये एकदम मरता."

काशिरामने पान परतलं.

गटात महिन्यातून एकदा वसुंधराताई यायच्या. पनवेलच्या एका इस्पितळात त्या समुपदेशक होत्या. समुपदेशक म्हणजे काय, हे वडघोळला कळलं नव्हतं; पण बाई चांगल्या आहेत आणि सुकट आवडीने खातात, एवढं पुरेसं होतं. काशिरामने त्यांना फाटकापर्यंत सोडताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, ह्ये आमा बाप्यांचं नाय का जमनार?"

"का नाही जमणार? तुम्ही सुरुवात करा, मी येते," ताई म्हणाल्या. "नियम एकच. तिथे बोललेलं तिथेच राहील."

पहिली सभा समाजमंदिरात झाली. दु:ख हलकं करायला जमलेल्या पुरुषांनी आधी अध्यक्ष निवडला. वडघोळमध्ये अध्यक्षाशिवाय दोन माणसं रस्ताही ओलांडत नाहीत. अध्यक्षपदी बळीराम घरत बिनविरोध आले, कारण ते क्रिकेट क्लबापासून दहीहंडीपर्यंत सगळ्याचेच अध्यक्ष होते आणि त्यांना वगळलं तर नवीनच दु:ख उभं राहिलं असतं. मग उपाध्यक्ष निवडले. उपाध्यक्ष इतके झाले की साधे सभासद मोजकेच उरले. वसुंधराताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आभार मानले, वडापाव खाल्ले आणि सगळे मोकळे मनाने घरी गेले. मनातलं कोणी काही बोललं नव्हतं.

दुसऱ्या सभेला ताईंनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या. सगळे एकमेकांसमोर आले. समोर माणूस दिसल्याबरोबर वडघोळच्या पुरुषाला एकतर मत मागावंसं वाटतं, नाहीतर भांडावंसं. दोन्हीची सोय नसल्यामुळे सगळे छताच्या पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी तिथे कोणाचं तरी बारसं झालं होतं आणि खुर्च्या तशाच ओळींत राहिल्या होत्या. एका बाजूला दोन-दोन, मधे वाट, दुसऱ्या बाजूला तीन-तीन. हलवायचा कंटाळा म्हणून मंडळी तशीच बसली.

"आयला, ही तर आपली पेन एस्टी झाली," कोणीतरी म्हणालं.

"काशिरामदादूस, डबल मारा, सुटू दे."

काशिराम उठला, पुढे गेला आणि तोंडानेच 'टिंग टिंग' केलं. सगळे हसले. आणि मग काय झालं कोण जाणे, हळूहळू कुजबूज सुरू झाली. जो तो समोर बघत होता आणि शेजारच्याशी बोलत होता. एस्टीत माणूस बोलतो तसा. पेणपर्यंत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला जावयाची व्यसनं, स्वतःची मूळव्याध आणि भावाची कोर्टकेस सांगतो, कारण दोघांची नजर रस्त्यावर असते आणि उतरल्यावर ओळख द्यायची नसते. बारशाच्या त्या खुर्च्यांवर त्या दिवशी एकाने सांगितलं की कंपनी बंद झाल्यापासून त्याला सकाळी उठावंसं वाटत नाही. दुसरा म्हणाला, बायको गेल्यापासून घरात कपाटाशी बोलतो. वसुंधराताई मागच्या ओळीत बसून ऐकत होत्या. त्यांनी खुर्च्या पुन्हा गोल मांडायचं नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी तर त्या आधी येऊन खिडकीची जागा धरून बसल्या.

पाचव्या की सहाव्या रविवारी काळूशेठ आले.

काळूराम म्हात्रे, म्हणजे काळूशेठ, माती-भरावाचे कंत्राटदार. पनवेल परिसरात जिथे जिथे खाडी होती आणि आता नाही, तिथे तिथे त्यांची माती आहे असं लोक म्हणत. देह असा की ते गाडीतून उतरल्यावर गाडी चार बोटं वर यायची. गळ्यात साखळी, मनगटात कडं. आणि फ्लेक्स! वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो, नवरात्र असो, नाक्यावर गॉगल लावलेले काळूशेठ फोन कानाला धरून उभे असायचेच. कुठल्याही फ्लेक्सवर तो फोन त्यांनी खाली ठेवला नव्हता.

ते शेवटच्या ओळीत काशिरामशेजारी बसले. खुर्ची करकरली. मग समोर बघत म्हणाले, "काशिरामदादूस, माजा प्रणित हाय ना."

"हाय की. हुशार पोरगा."

"त्यो नर्सिंग शिकतो."

"मायती हाय."

"सगल्यांना मायती हाय. मीच सांगला सगल्यांना." काळूशेठनी कडं फिरवलं. "चुलतभावाच्या पोराची हालद होती. मी बोललो माइकवर, माजे डंपर कोन चालवील, ह्यो माजा पोर लोकांची ढुंगनं धुवाला शिकतो. सगला मांडव हसला. त्यो पन हसला. आनि घरी गेला. तवापासून एक शब्द बोलला नाय माज्याशी."

"आनि तुमी?"

"मी पन नाय. त्याची आय भामा मधे हाय. 'तुज्या नवऱ्याला सांग, मी उशिरा येन.' 'तुज्या पोराला सांग, गाडी घेऊन जा.' ती बिचारी घरात दिवसभर टपाल वाटते." कडं पुन्हा फिरलं. "बोलाचं हाय मना. पन पैला शब्द कंचा बोलाचा, तोच गावत नाय. येवढा मोठा मानूस, दादूस, आनि शब्द गावत नाय."

काशिरामने समोरच्या भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकाकडे बघितलं. उभ्या आयुष्यात त्याला शब्द शोधावे लागले नव्हते. ते छापील यायचे. तो म्हणाला, "येत ऱ्हावा. गावंल."

"मी हितं येतो ह्ये कोनाला कललं नाय पायजे. कलला, तर माजा काय ऱ्हाईल?"

"हिकडचं हिकडंच," काशिराम म्हणाला. "माजा शब्द."

शब्द त्याने मनापासून दिला होता. पण त्याच सभेच्या शेवटी अध्यक्षांनी ठराव मांडला की मंडळाचा फ्लेक्स नाही ही गावाच्या दृष्टीने शरमेची गोष्ट आहे. काशिराम म्हणाला, लहानसा करू, फोटो एकाचाही नको, नुसता वार आणि जागा. अध्यक्षांना फोटो नको हे पटलं नाही. पण वसुंधराताई मान हलवत होत्या, म्हणून तेही हलवू लागले.

सोमवारी काशिराम पनवेलच्या बाजारात प्रितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला आणि ताईंनी सांगितलेला मजकूर त्याने कागदावर लिहून दिला. "मन भरून येतं? कोणाशी तरी बोलावंसं वाटतं? या, बसा, बोला. दर रविवारी संध्याकाळी, समाजमंदिर, वडघोळ. पुरुष मनमोकळे मंडळ."

"फोटो?" प्रितेशने विचारलं.

"फोटो नाय."

"फोटो नाय?" प्रितेशने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने बिनमिठाचं कालवण मागितलं होतं. "बरं. उद्या सकाळी माझी पोरं लावून जातील."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिराम दूध आणायला नाक्यावर गेला तर गर्दी. गर्दीच्या वर फ्लेक्स. लहानसा म्हणून सांगितलेला फ्लेक्स दोन खांबांना पुरून उरला होता. वर मोठ्या अक्षरात 'मन भरून येतं? कोणाशी तरी बोलावंसं वाटतं?' आणि त्याखाली गॉगल लावलेले, फोन कानाला धरलेले काळूशेठ. त्यांच्या छातीवरून सोनेरी अक्षरं जात होती, 'आमचे आधारस्तंभ काळूशेठ यांना लाख लाख शुभेच्छा! शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ, वडघोळ.' वार, जागा आणि मंडळाचं नाव अगदी तळाशी बारीक अक्षरात होतं.

काशिरामने हातातली किटली खाली ठेवली. त्याने तिथूनच प्रितेशला फोन लावला.

"काका, वडघोळची फाईल उघडली की काळूशेठ असतातच," प्रितेश म्हणाला. "तुम्ही फोटो नको म्हणालात, म्हणून मी दुसऱ्या कोणाचा टाकला नाही. पण शेठना काढून फ्लेक्स लावला असता तर मला गावात शिडी तरी लावू दिली असती का?"

गर्दीत वाचन चालू होतं.

"म्हंजे काळूशेठना रडू येतं?"

"लिवलंय ना मोठ्या अक्षरात."

"मंग फोनवर कोनाशी बोलतायत?"

"कोनीच उचलत नसंल. म्हनून तर मन भरून आलाय."

अध्यक्ष बळीराम घरत एका बाजूला उभे होते. त्यांचंही मन भरून आलं होतं, कारण फ्लेक्सवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

काशिराम शिडी शोधायला धावला, तेवढ्यात काळूशेठची गाडी आली आणि थांबली. काच खाली गेली. काळूशेठनी वरपासून खालपर्यंत सगळा फ्लेक्स वाचला. गॉगल काढून पुन्हा वाचला. काशिराम काचेपाशी गेला.

"शेठ, चूक माजी हाय. आत्ता उतरवतो."

"सगल्या गावानं वाचला," काळूशेठ हळू आवाजात म्हणाले. "आता उतरवून काय दादूस? तुमी शब्द दिलता."

काच वर गेली. गाडी गेली. काशिराम शिडी न आणता घरी आला आणि त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला. कृष्णाबाईने पेपर उलटा आहे हे पाहिलं आणि चहा आणून ठेवला.

संध्याकाळी दारात प्रणित उभा. सडपातळ पोरगा, पाठीवर बॅग, कॉलेजातून थेट आलेला.

"काका, एक विचारू? बाबा खरंच जातात तिथे?"

काशिरामला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. बापाला शब्द सापडत नव्हता आणि ज्याच्यासाठी तो शोधत होता तोच दारात उभा होता. 'हो' एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण दिलेला शब्द सकाळी अर्धा नाक्यावर टांगला गेला होता. उरलेला तरी त्याला राखायचा होता.

"मना काय मायती नाय बाबा," तो म्हणाला.

प्रणित हसला. "काका, अलिबागची गाडी कधी येणार विचारलं की तुम्ही हेच सांगायचात. आणि ती तुमच्या मागेच उभी असायची."

"आसंल."

"मग मी रविवारी येऊनच बघतो."

"ये की. दार उगडंच आसतं."

रविवारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याचं कारण साधं होतं. काळूशेठसारख्या माणसाचं मन भरून येतं हे छापून आल्यावर, आपलंही भरतं असं म्हणायला आता कोणाला लाज उरली नव्हती. काहींना तर आपलं जास्त भरतं असं वाटत होतं. शेजारच्या गावाहून दोघं जण आले होते. वडघोळमध्ये असं काही असताना आपल्या गावात का नाही, हे त्यांना सहन झालं नव्हतं, आणि आपल्याकडचे पुरुष अधिक दु:खी आहेत असं ते आल्या आल्या सांगू लागले. काशिराम खुर्च्यांच्या मधल्या वाटेने फिरत सगळ्यांना जागा दाखवत होता. छाती फुगत होती, पण नजर दाराकडे होती. प्रणित शेवटच्या ओळीत खिडकीशी बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. शेठच्या पोराशेजारी बसायचं धाडस कोण करणार?

सगळे स्थिरस्थावर झाल्यावर दारात काळूशेठ आले. ते बसायला आले नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळ्यांना चार शिव्या घालून, मंडळाला कुलूप लावून जायचं, असं काहीतरी ठरवून आले असावेत. पण दारातून त्यांनी आत बघितलं तर सगळ्या माना समोर. त्यांच्याकडे एकानेही वळून बघितलं नाही. सगळ्यांनी समोरच बघायचं, असा एस्टीसारखा नियमच पडला होता. पाठमोऱ्या माणसांना शिव्या देणं काळूशेठना जमेना. त्यांनी रिकामी खुर्ची शोधली, जवळ गेले, आणि खिडकीशी कोण आहे ते दिसलं.

काशिराम मधल्या वाटेतून बाजूला झाला.

मागे जायला वाट होती. पुढे खुर्ची होती, अरुंद.

"सरक जरा," ते म्हणाले.

प्रणित सरकला.

खुर्ची करकरली. दोघंही समोर बघत बसले. इतके महिने जो शब्द घरात, गाडीत, देवळात सापडला नव्हता तो हा होता, आणि बोलणाऱ्याला ते कळलंही नसावं. काशिराम त्यांच्या मागे भिंतीला टेकला. ऐकायचं नाही असं ठरवून त्याने कान दिले.

मग काळूशेठ म्हणाले, "मी बोललो ते... माइकवर. ते बोलाला नको होता."

"हं," प्रणित म्हणाला. "खूप लागलं बाबा."

"मायती हाय. मना पन लागला. उशिरा लागला." कडं फिरत होतं. "तितं म्हातारी मानसं उचलावी लागतात तुला?"

"रोज."

"मंग कंबर संभाल. मी पोऱ्या होतो तवा मातीच्या पाट्या उचलल्या हायत. वजन पाठीवं नाय घ्यावाचा, पायावं घ्यावाचा."

"तेच शिकवतात आम्हाला."

"शिकवतात? ते काय शिकवनार! थांब." काळूशेठ उठले आणि मधल्या वाटेत आले. "अध्यक्ष, जरा बसल्या जागी सैल व्हा." असं म्हणून त्यांनी बळीराम घरतांना काखेत हात घालून खुर्चीतून उपसलं. अध्यक्षांच्या तोंडातून त्या सभेतलं पहिलं प्रामाणिक वाक्य बाहेर पडलं, पण ते इथे लिहिता येत नाही.

"बाबा, सोडा त्यांना! असं नाही!" प्रणित धावत पुढे आला. "पेशंटचा खांदा निखळेल. तुम्ही बसा. बसा म्हणतो ना!"

काळूशेठ बसले. कोणाच्या सांगण्यावरून बसलेले काळूशेठ गाव पहिल्यांदाच बघत होतं. प्रणित त्यांच्यासमोर आला. गुडघ्यांना गुडघे टेकवले, पाय रोवले. "हात माझ्या खांद्यावर टाका. घट्ट. मान माझ्या खांद्यावर ठेवा. आता मी सांगतो तसं पुढे-मागे डुला. घाबरू नका."

"मी नाय घाबरत," काळूशेठ त्याच्या खांद्यातून म्हणाले.

"पेशंट असंच म्हणतो. एक... दोन... वर!"

आणि तो डोंगर उठला. सडपातळ पोराने तो उठवला, तोलला, अलगद फिरवला, आणि दोघं वाटेच्या मध्यावर तसेच उभे राहिले. उठवायचं काम संपलं होतं, पण काळूशेठनी खांदा सोडला नाही. पोरानेही घाई केली नाही. वसुंधराताई आपल्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या, कारण त्यांनाही नियम पाळायचा होता.

शेवटी काळूशेठनी मान वर केली. डोळे लाल होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी सगळ्या समाजमंदिरावरून नजर फिरवली. हळदीच्या दिवशी माइक धरून फिरवली होती तशीच, गावात एकही माणूस राहू नये अशी.

"बगितलात का?" ते गरजले. माइकची गरज नव्हती. "मना उचलला! क्रेन लागंल मना उचलाला, आनि ह्यानं दोन हातांनी उचलला! माजा पोर हाय ह्यो! नर्स हाय!"

टाळ्या झाल्या. शिट्ट्या झाल्या. शेजारच्या गावच्या दोघांनी खाली बघितलं. त्यांच्या गावात असा पोरगा नव्हता. काशिरामला वाटलं, आता कर्णा हातात असता तर हे थेट पनवेल स्टँडपर्यंत पोहोचवलं असतं. मग बळीराम घरत खाकरले. कपडे झटकत पुढे आले आणि अध्यक्षाला शोभेल अशा गंभीर आवाजात म्हणाले, "प्रणित, मना पन उचल की बाला. नीट उचल."

त्यांच्या मागे कपाटाशी बोलणारा उभा राहिला. त्याच्या मागे कंपनी बंद झालेला. मग उपाध्यक्ष, ओळीने. वडघोळचे दणकट, पिळदार मिशांचे पुरुष एकामागे एक उभे राहिले, कोणीतरी उचलून घ्यावं म्हणून. काळूशेठ पोराच्या बाजूला उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, मान खांद्यावर ठेवा, घाबरू नका. काशिरामही शेवटी रांगेत जाऊन उभा राहिला. रांगेवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, असं त्याने शेजारच्याला सांगितलं; आणि पुढे घुसू बघणाऱ्या शेजारच्या गावच्या माणसाला सदऱ्याला धरून मागे ओढलं.